जमली म्हणा, बाबाराव

बाबारावच्या हाताला मीठ कळतं, असं तेलंगणाच्या हद्दीतल्या बेल्याकडच्या मराठी गावांत सगळेच म्हणत. लग्न कोणाचंही असो, चुलाणावर कढई चढली की बाबाराव मुठीनं मीठ फेकायचा. कोणी माप विचारलं तर म्हणायचा, "माप मनगटात हाये, लेका. काढून देऊ काय?"

तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं जीभ धरली, कॅन्सर निघाला, तेव्हा नागपूरला ऑपरेशन झालं आणि मग शेक. रेडिएशनला गावात शेकच म्हणतात, जणू दुखऱ्या गुडघ्याला गरम वीट लावावी तसं. बाबाराव हातवारे करून सांगायचा, "प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा तोंडावर आवळून टेबलाले जखडत होते. बैलाले नाल ठोकाले पाडते ना, तसं." उपचार संपल्यावर तो मुखवटा त्याच्याच हातात दिला. त्याच्या बायकोनं, सोनाबाईनं, तो वांग्यांच्या वाफ्यातल्या बुजगावण्याला चढवला. वाटेनं जाणारे थांबून त्या बुजगावण्यालाच "राम राम, बाबाराव!" करत आणि हसत पुढं जात.

कॅन्सर गेला, त्याला आता काही वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बरे झालात." बाबारावही सगळ्यांना तेच सांगायचा. मात्र थुंकी कायमची आटली, पाण्याची बाटली कमरेला आली. तोंड दोन बोटांपलीकडं उघडेना. दाढी एकाच गालावर उगवायची. हे सगळं लोकांना दिसत होतं. दिसत नव्हतं ते एकच: जिभेला चव उरली नव्हती. वांगं काय आणि ओला कापूस काय, सारखंच.

ते फक्त सोनाबाईला ठाऊक होतं. लग्नाच्या स्वयंपाकात ती वाटीभर भाजी चाखायची. तिनं पदर डोक्यावर ओढला की मीठ बरोबर, नाक खाजवलं की कमी. बाबाराव लांबून बघायचा आणि मग ऐटीत ओरडायचा, "अरे, अजून एक मूठ आण रे!"

दत्तजयंतीच्या भंडाऱ्याला मात्र ही युक्ती चालत नसे. नैवेद्य दाखवेपर्यंत कोणीच चाखायचं नाही, आचाऱ्यानं तर तोंडाला फडकं बांधायचं. नैवेद्य झाला की पहिलं पान आचाऱ्याचं. त्यानं घास घेऊन "जमली" म्हणायचं, तेव्हा कुठं पंगतीनं पानात हात घालायचा. भंडाऱ्याचा झारा ज्याच्या हातात, वर्षभराची लग्नं त्याची. बाबारावला या भंडाऱ्याची भीती नव्हती. इथं सगळेच बिनजिभेचे, मग मनगट कामाला यायचं.

यंदा मदतीला पंकज होता, बाबारावच्या बहिणीचा मुलगा. भाजी कापण्यापासून सगळं बाबारावनंच शिकवलेलं. दोन लग्नांचा स्वयंपाक एकट्यानं केल्यापासून तो मामाच्या पुढं पुढं करू लागला होता.

"मामा, धुरात काऊन बसता? मी हाये ना."

"तू हायेस म्हणूनच बसलो. नजर हटली की तू तेल ओतशील रस्त्यावर ओतल्यासारखं."

शेवटी बाबारावनं मुठी भरून मीठ फेकलं, कढई हलवली, झारा काठावर दोनदा आपटला. झालं.

नैवेद्य झाला. पंगत बसली. पंकजनं स्वतःच्या हातानं मामाचं पान वाढलं आणि भाजीची वाटी अदबीनं समोर ठेवली. मंदिराचे कारभारी केशवराव म्हणाले, "चला, जमली म्हणा, बाबाराव. भूक लागली."

बाबारावनं सवयीनं बायकोकडं पाहिलं. सोनाबाई बायकांच्या पंगतीत होती. ती पदरही ओढत नव्हती, नाकही खाजवत नव्हती. ती पंकजकडं बघत होती.

बाबारावनं अरुंद तोंडात बोटभर भाजी सारली, बाटलीतल्या पाण्याबरोबर उतरवली.

"जमली!"

"मामा, उप्पू बरोबर ना?" पंकजनं विचारलं. तेलुगू शाळेत शिकलेली पोरं मिठाला चेष्टेनं उप्पूच म्हणत.

"माह्या हातचं मीठ कधी चुकलं काय बे?"

पंकजनं ती वाटी उचलली आणि केशवरावांपुढं धरली. त्यांनी बोट बुडवून चाटलं, तोंड वाकडं केलं.

"अळणी हाये ही. पार अळणी!"

"कढईत मीठ पडाच्या आधीच काढून ठेवली होती," पंकज सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं बोलला. "मामाची जीभ मेली हाये. काय खाऊ घालून राह्यले तुमाले, त्याइले सोताले मालूम नाही."

आधी पोरं हसली, मग सगळेच. कोणी म्हणालं, "बुजगावण्याले इचारा गा, ते खरं सांगन!" बाबाराव ओरडला, "कढईतली खाऊन पाहा! कढईतली!" बोलताना जीभ टाळूला चिकटली, त्यानं कमरेची बाटली चाचपली.

त्यांनी कढईतली खाल्ली. मीठ तोळ्यामाशानं बरोबर होतं. पंगत बोटं चाटत होती, "भाजी वाढा, भाजी!" म्हणून ओरडत होती. त्या ओरड्यातच केशवराव म्हणाले, "भाजी फस्टक्लास झाली, बाबाराव. पण आता आराम करा. झारा पंकजले द्या." पंकजनं झारा घेतला आणि मामाचीच भाजी वाढत पुढं गेला.

घरी बाबाराव ओट्यावर बसला.

"त्याले कसं समजलं वं?"

सोनाबाई चूल सारवत होती. "परवा जेवाले आला होता. चुकून तुमच्या वाटीतला घास खाल्ला. उरलेली तुमी जमली म्हणून खाल्ली."

"मंग?"

"तुमच्या वाटीत मीठ नसते."

"कधीपासून?"

"शेकापासून. तोंडात फोड होते तवा मीठ लागलं की तुमी गुरावानी ओरडत होते. म्हणून मीठ घालाच्या आधी तुमची वाटी काढून ठेवत होती."

"फोड तं कवाच गेले."

"तुमी रोज जमली म्हणत होते." तिचा हात थांबला नाही. "म्या कशाले सांगू?"

बाबाराव उठला. फळीवरच्या डब्यातून त्यानं जाड्या मिठाचा खडा घेतला, दातांच्या फटीतून आत सारला आणि वाट पाहत उभा राहिला. खडा कोरड्या जिभेवर तसाच पडून होता, विरघळत नव्हता.

"थुका तो," सोनाबाई म्हणाली.

थुंकायलाही तोंडात काही नव्हतं. त्यानं बोट घालून खडा बाहेर काढला आणि तसाच अख्खा डब्यात परत टाकला.