अर्धे सर आणि माळ्यावरचा मोर

सुरुवातीलाच माफी मागतो. अर्धे सरांवर लिहू शकतील असे त्यांचे कितीतरी विद्यार्थी आहेत. कुणी प्राध्यापक झालंय, कुणी वर्तमानपत्रात लिहितं. मी त्यांच्या वर्गात दोन वर्षं बसलो, त्यातलं पहिलं वर्ष तर नुसतंच बसलो. आमच्या घरात आजवर कुणाचं नाव छापून आलं असेल तर ते लग्नपत्रिकेत. तेव्हा हा आगाऊपणा आहे हे मला ठाऊक आहे. पण दुसरं कुणी लिहीना आणि मला राहवेना.

अर्धे हे त्यांचं आडनाव नव्हतं. सर काहीच पूर्ण करत नसत, म्हणून ते नाव पडलं होतं. कॅन्टीनमधला चहा अर्धा ठेवून उठत. वाक्य मध्येच सोडून खिडकीबाहेर बघत आणि परत येत ते दुसऱ्याच वाक्यावर. फळ्यावर 'उत्तर-आधुनि' एवढं लिहून आमच्याकडे वळत, उरलेली दोन अक्षरं तास संपेपर्यंत राहूनच जात. नाव इतकं रुजलं होतं, की एका नव्या मुलीने रजेच्या अर्जावर खुशाल 'प्रा. अर्धे यांस' असं लिहून दिलं. आम्ही श्वास रोखून बघत होतो. सरांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "मायना बरोबर आहे. मजकूर मात्र शेवटपर्यंत लिहिलायस, हे माझ्या नावाला शोभत नाही."

घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात सर समकालीन कलेचा पेपर शिकवायचे. मी तो घेतला, कारण बाकीचे वर्ग भरले होते. आजोबा गिरणीत होते, बाबा पवईला एका ऑफिसच्या इमारतीत सिक्युरिटीला आहेत. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. बाबांनी विचारलं, "हा विषय कशाचा?"

"कलेचा."

"म्हणजे चित्रं काढायची?"

"नाही, बघायची."

"बघायला कॉलेज लागतं?" बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी हा प्रश्न सरांना सांगितला, तर ते इतके खूश झाले की पुढची पंधरा मिनिटं त्यांनी बाबांचंच कौतुक केलं. तेही अर्धवट सोडलं.

पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर एक खुर्ची काढली. तीन पायांची. "हे काय?"

"खुर्ची," आम्ही म्हणालो.

"तीन पायांवर उभी राहील?"

मागच्या बाकावरून सोनाली म्हणाली, "सर, चौथा पाय मागे असेल. दिसत नसेल."

सरांनी खडू खाली ठेवला. "बघा. चौथा पाय हिने काढला. मी नाही. चित्र काढणारा अर्धं काढतो, उरलेलं बघणारा काढतो. मग चित्र कुणाचं?" एवढ्यात घंटा झाली. मी घाबरून वहीत चारही पाय काढून घेतले. परीक्षेत कुणी विचारलं तर आपली खुर्ची पडायला नको.

सर सांगत, की पूर्वीचे लोक म्हणायचे, अर्थ एकच असतो आणि तो मोठ्या माणसांना माहीत असतो. या उत्तर-आधुनिक मंडळींनी त्याच्यावरच शंका घेतली. मोठी कला कुठली, साधी वस्तू कुठली, हे ठरवणारे तुम्ही कोण, असं विचारलं. मी हे सगळं उतरवून घ्यायचो आणि रात्री वाचून मला काहीही कळायचं नाही. मला व्याख्या हवी होती. दोन ओळींची, खाली रेघ मारता येईल अशी. मी मागितली की सर म्हणायचे, "देतो ना. व्याख्या अशी आहे की..." आणि खिडकीबाहेर बघायचे.

मग एकदा ते आम्हाला दक्षिण मुंबईतल्या एका गॅलरीत घेऊन गेले. काचेचं दार, आत थंडगार हवा, आणि दाराच्या आत लगेच चपलांचा ढीग. जुन्या, झिजलेल्या, लहानमोठ्या. आम्ही जे करायचं तेच केलं. चपला काढल्या, ढिगाच्या कडेला नीट लावल्या आणि अनवाणी आत गेलो. चपला बाहेर काढायच्या ही आमच्या घरची शिकवण. एवढ्या लोकांनी काढल्यात म्हणजे आत काहीतरी पवित्र असणार.

टेबलामागची मुलगी धावत आली. ते चित्रकाराचं काम होतं. तो ढीग म्हणजेच प्रदर्शन होतं. आता त्यात आमच्याही चपला होत्या, आणि आमच्या कुठल्या हे तिला ओळखता येत नव्हतं. सिक्युरिटीचे काका म्हणाले, "हात लावू नका, मला विचारायला लागेल."

सर हसत हसत भिंतीला टेकले होते. "आता सांग," ते मला म्हणाले, "तुझी चप्पल कुठे संपते आणि कला कुठे सुरू होते?"

"सर, माझी निळ्या पट्ट्याची आहे."

"आणि माझे सँडल नवीन आहेत सर, कालच घेतलेत," सोनाली रडवेली झाली होती. "कलेत गेले तर आई मारेल मला!"

शेवटी चपला मिळाल्या. चित्रकार तिथे असता तर रागावला असता का, असं मी परतताना विचारलं. सर म्हणाले, "रागावला असता तर त्याला स्वतःचंच काम कळलं नाही असं समजायचं. एकदा लोकांसमोर ठेवलं की ते आपलं राहत नाही." हे वाक्य त्यांनी पूर्ण केलं होतं, म्हणून मी ते लिहून ठेवलं.

सर स्वतः चित्रकार होते हे मला त्यांच्या मुलुंडच्या घरी गेल्यावर कळलं. एका खोलीत भिंतीकडे तोंड करून कॅनव्हास लावलेले होते. एकही पुरा नव्हता. कुठे आभाळ होतं आणि खाली पांढरं, कुठे माणूस होता आणि चेहरा नाही. सर कौतुकाने म्हणाले, "मी थांबतो. पूर्ण करणं म्हणजे बघणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं."

काकू चहा घेऊन आल्या. "यांच्या उत्तर-आधुनिकतेचं मराठीत नाव आहे, चालढकल," त्या म्हणाल्या. मग एक कॅनव्हास वळवून दाखवला. त्यात तरुणपणच्या काकू होत्या. मनगटापाशी चित्र थांबलं होतं. "लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मी अशीच बसलेय. हात नाहीत ते बरंच आहे म्हणा, नाहीतर चित्रातही भांडी घासायला लावली असती."

सरही हसले. पण काकू कप उचलायला वाकल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "एक तरी पूर्ण करू दे रे. प्रदर्शन वगैरे नको. एक करून 'झालं' म्हणू दे. घाबरतात ते." मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की सरांना तो विचार पटलेला आहे हे खरं, पण तो त्यांच्या सोयीचाही आहे.

तृतीय वर्षाला असताना आमच्या वाकोल्याच्या चाळीच्या गणपतीचा डेकोरेशनवाला ऐन वेळी नाही म्हणाला. मंडळाचे अध्यक्ष बाळाकाका डोक्याला हात लावून बसले. मी म्हटलं, आमचे सर चित्रकार आहेत. बोलून गेल्यावर मी जीभ चावली, कारण सर अर्धंच करणार हे मला माहीत होतं. पण सर आले. रिकामा मंडप बघून बाळाकाकांना म्हणाले, "देखावा सगळेच दाखवतात. आपण देखाव्याची मागची बाजू दाखवू. बांबू, सुतळी, कापडाची उलटी बाजू. लोकांना दिसू दे हे सगळं कशावर उभं असतं."

"काय पण करा सर," बाळाकाका म्हणाले, "फक्त बाप्पाचं तोंड पुढे ठेवा."

सर आठवडाभर रोज कॉलेज सुटलं की येत. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. बाही दुमडून बांबू बांधायचे, दहादा सोडून परत बांधायचे. एका बाजूला कापड अर्धं गुंडाळून ठेवलं, त्याची घडी कशी पडते यावर त्यांचा एक अख्खा दिवस गेला. चहा मात्र पुरा प्यायचे. गणपती बसायच्या आदल्या दुपारी ते मागे सरले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "झालं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय सर?"

"झालं रे. पूर्ण झालं." ते हात धुऊन मुलुंडला गेले, उद्या काकूंना घेऊन येतो म्हणाले. मी त्या आनंदात पवईला बाबांचा रात्रपाळीचा डबा पोचवायला गेलो आणि रात्री त्यांच्यासोबतच राहिलो.

संध्याकाळी आमच्या शेजारच्या सुमनमावशी उद्याच्या पूजेची फुलं ठेवायला मंडपात आल्या. मखर बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला. "गे माय! पोरांचा काम अर्धाच रवला! मास्तर दमले वाटता. उद्या लोक येतले ते काय म्हणतले?" आमच्या चाळीत कुणाचं काम अडलं की बोलवायची वाट बघत नाहीत. मावशींनी आपली ठेवणीतली पैठणी आणून बांबूंवर चुण्या घालून लावली. पोरांनी लाइटच्या माळा सोडल्या. कागदी फुलं आली, झिरमिळ्या आल्या. गुंडाळलेलं कापड कुणीतरी इस्त्री करून सरळ ताणलं. आणि बाळाकाकांनी माळ्यावरून, बंदी यायच्या आधीचा, थर्माकोलचा मोठा मोर खाली काढला. पिसारा फुलवलेला. तो मधोमध बसवला.

सकाळी सर आले, झब्बा घालून. मागे काकू. सर मंडपाच्या तोंडाशीच थांबले.

"टेन्शन घेऊ नका सर," बाळाकाका छाती फुगवून म्हणाले, "वेळेत उरकलं! तुमच्याकडून राहिलं होतं ते पोरांनी सांभाळून घेतलं. झकास झालंय ना?"

सरांनी मोरापासून झिरमिळ्यांपर्यंत सगळं पाहिलं. मग बारीक आवाजात म्हणाले, "अहो, पण ते पूर्ण होतं."

काकूंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"पुरा?" सुमनमावशी म्हणाल्या. "मास्तरानू, बांबू दिसत होते मा!"

कुणीतरी हसलं. सरांचा चेहरा पडला होता आणि मला काहीतरी बोलून तो सावरायचा होता. मी म्हटलं, "सर, तुम्हीच म्हणाला होतात ना, चौथा पाय बघणारा काढतो म्हणून."

सर माझ्याकडे वळले. "पाय म्हणालो होतो. मोर नव्हे."

काकू आधी हसल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग सरही हसले, निदान हसल्यासारखं केलं. आरतीला थांबले, टाळ वाजवला. मावशींनी हातावर मोदक ठेवला तो खाल्ला. लोक मोराचे फोटो काढत होते आणि बाळाकाका येईल त्याला सांगत होते, "कॉलेजच्या सरांनी केलंय." सर मान डोलवत होते. कुणाच्याच मनात वाईट करायचं नव्हतं. सगळ्यांनी प्रेमानेच केलं होतं, हीच अडचण होती. रागवायला जागा नव्हती.

त्या दिवशी मला उत्तर-आधुनिकता कळली, असं मी प्रामाणिकपणे म्हणतो. काम करणारा बाजूला राहतो, बघणारे त्याचा ताबा घेतात, पैठणी आणि थर्माकोल आणि सरांचे बांबू एकाच मांडवात येतात, आणि खरं काय हे कुणीच सांगू शकत नाही. परीक्षेत मी तो मोरच लिहिला. गुण बेताचेच पडले. पण पुस्तकात जे लिहिलेलं नव्हतं तेही मी पाहिलं होतं. एकदा लोकांसमोर ठेवलं की आपलं राहत नाही, हे म्हणणं सोपं असतं. ज्याचं राहत नाही त्याचा चेहरा मी बघितला.

सर मंडपाबद्दल वर्गात कधी बोलले नाहीत. वर्ष संपलं तसा त्यांचा तो पेपरच कॉलेजने बंद केला, आणि ते मुलुंडचं घर सोडून देवगडकडे गावी गेले असं ऑफिसातून कळलं. फोन लागेना. मी एम.ए.ला गेलो, नवे सर आले, त्यांनी पहिल्या तासाला दोन ओळींची व्याख्या दिली. मी रेघ मारली. पण माझ्या मनातून जाईना, की आयुष्यात एकदाच सर 'झालं' म्हणाले आणि आम्ही ते होऊ दिलं नाही. त्यानंतर त्यांनी पुन्हा ब्रश हातात घेतला असेल का? की काकूंनी इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आमच्या मांडवात कायमचं बुडालं?

गेल्या आठवड्यात सोनालीचा फोन आला. ती सुट्टीला देवगडजवळ तिच्या गावी गेली होती.

"ऐक ना, अर्धे सर भेटले."

"कुठे?"

"तालुक्याच्या वाचनालयात. बाहेर फळा लावला होता, चित्रप्रदर्शन म्हणून. खाली सरांचं खरं नाव, त्यामुळे आधी मला कळलंच नाही कोण ते. आत गेले तर हे उभे. काकू दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला आत ढकलत होत्या."

"किती चित्रं होती?"

"एकच."

"एकच?"

"एवढा मोठा हॉल यार, आणि एकच चित्र. त्यांच्या घरासमोरच्या खाडीचं."

"आणि ते..." एवढंच म्हणालो.

"हो रे," सोनाली म्हणाली. "या कडेपासून त्या कडेपर्यंत बघितलं मी. पूर्ण आहे."