नाश्त्याचं पान

सुट्टीतल्या प्रेमाच्या कादंबऱ्यांवर माझ्या कल्पनामामीचा पहिला आक्षेप असा होता, की त्यांत चादरी कोण धुतं ते कुठेच लिहिलेलं नसतं.

"आठ दिवस त्या हॉटेलात राहिले दोघं," ती गच्चीवर चादर पिळता पिळता मला सांगायची. "समुद्रावरून येतात, रेती भरलेले पाय घेऊन सीधे पलंगावर. आणि दुसऱ्या दिवशी चादर पांढरीफेक! कोणी केली? लेखकानं?"

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. पोट धरून हसायचे. ती पिळत होती ती चादर माझीच होती, हे काही माझ्या डोक्यात यायचं नाही.

मामाचं घर उज्जैनला, माधव नगरात. कुणी पूर्वज कधीकाळी शिंद्यांच्या दफ्तरात कारकून होता, त्याच्या जोरावर आमचं आजोळ इथलं. श्रीधरमामा वीज मंडळात होता. दर उन्हाळ्यात आम्ही नाशिकहून यायचो, मावशीचे लोक नागपूरहून यायचे, आणि मामाचे सहकारी, सहकाऱ्यांचे साडू, साडूंचे शेजारी हे बारमाही. उज्जैनला घर असणं म्हणजे महाकालच्या दर्शनाला येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाची सोय असणं. मामा-मामीला मूल नव्हतं. त्यामुळे सगळ्यांचं एकमत होतं, की आपण गेलो की बिचारीला तेवढीच सोबत होते. आमच्या घरी मीही हे वाक्य ऐकलं आहे आणि मोठी झाल्यावर म्हटलंही आहे.

महाकालच्या पहाटेच्या भस्मारतीला जायचं तर पाहुणे भलत्या वेळी उठणार, म्हणजे मामी त्यांच्याही आधी उठून पाणी तापवणार. पाहुणे दुपारी भुकेले परतणार, म्हणजे तोवर वरण-भात-भाजी तयार. मग "वहिनी, तुमच्या हाताला काय चव आहे हो" असं म्हणून ते आडवे होणार. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या ह्याच. फरक एवढाच, की मामीचं लष्कर कधी पुढे कूच करत नसे.

आणि मामी गच्चीवर जाऊन बसणार. वाळत घातलेल्या चादरी माकडांनी ओढू नयेत म्हणून राखण हवी, हे निमित्त. पदराखाली फ्रीगंजच्या मराठी वाचनालयातली कादंबरी. मुखपृष्ठावर नारळाची झाडं, टोपी घातलेली मुलगी, लांबवर शिडाची होडी. अशा कादंबऱ्या तिनं शेकड्यांनी वाचल्या असतील. साखरपुडा मोडलेली नायिका एकटीच समुद्रावर जाते, तिथे होडीवाला किंवा चित्रकार किंवा विधुर डॉक्टर भेटतो, आठव्या प्रकरणात पाऊस येतो, शेवटी लग्न. मामीला हे सगळं पाठ होतं. तरी ती वाचायची आणि वाचताना भांडायची.

"माझ्या तर समजातच नाही येत, मुक्ता. ही बाई बॅग उचलते आणि चालली जाते. विचारलं कोणाला? मी मागची पानं पुन्हा बघितली. विचारल्याचं पानच नाही त्यात."

नायकाच्या डोळ्यांची वर्णनं ती सोडून द्यायची. चुंबन आलं की दोन पानं एकदम उलटायची. लाजून नाही, कंटाळून. तिचं आवडतं पान वेगळंच होतं. अशा प्रत्येक कादंबरीत एक सकाळ असते. नायिका उशिरा उठते, खिडकीतून समुद्र दिसतो आणि कुणीतरी ट्रेमधून चहा-नाश्ता आणून ठेवतं. मामी त्याला नाश्त्याचं पान म्हणायची आणि ते दोनदा वाचायची.

"हे बघ, न मागता चहा आला. बस, हाच रोमान्स. बाकी सगळी भरती."

शेवटचं प्रकरण ती कधीच वाचत नसे. मी विचारलं तर म्हणाली, "लग्न झालं ना? आता त्या समुद्रावरच्या घरात तिच्या सासरचे येतील सुट्टीला. मला नाही वाचायचं."

ह्या बाईनं समुद्र पाहिलेला नव्हता. माहेर धारचं, सासर उज्जैनचं, आणि दोन्हीकडून समुद्र सारखाच लांब. आयुष्यात तिनं एकच गोष्ट मागितली, तीही माझ्याकडे, कारण मामाकडे मागून झालं होतं. आठ दिवस समुद्राजवळची एक खोली हवी, आणि सकाळचा चहा दुसऱ्या कुणीतरी करावा. मला नोकरी लागली त्या वर्षी मी तिला शब्द दिला. शब्द द्यायला काय लागतं!

तो पाळायला मला सतरा वर्षं लागली, म्हणजे पाळायची वेळ यायला. २०२२च्या डिसेंबरात कोकणातल्या एका गावी मी आठ दिवसांची खोली घेतली, खिडकीतून समुद्र दिसेल अशी, मामी आणि मी अशा दोघींसाठी. मामी टॉवर चौकात जाऊन रबरी चपला घेऊन आली. दुकानदाराला तिनं विचारलं म्हणे, "भैया, रेती में चलेगी ना?" तो म्हणाला, "माताजी, सीमेंट पे भी चलेगी." हे तिनं मला फोनवर तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा हसली.

त्याच सुमाराला देवळाभोवतीचा तो भव्य परिसर, ‘महाकाल लोक’, नवा झालेला. सगळ्या देशाला उज्जैन आठवलं, तसं माझ्या सासूबाईंनाही आठवलं. माझी नणंद अश्विनी हिनं खटपट करून भस्मारतीचं बुकिंग मिळवलं, नेमकं त्याच आठवड्यातलं. "वहिनी, तुमच्या मामी आहेतच ना तिथे," ती म्हणाली. मला ‘नको’ म्हणता आलं असतं. मी तसं म्हटलं नाही. सासूबाईंचं वय झालं होतं, घरात वाद नको होता; अशा वेळी कारणं पायलीला पन्नास मिळतात. मी मामीला फोन केला.

"आपण मार्चमध्ये जाऊ गं, मामी. समुद्र कुठे पळून जातोय?"

ती म्हणाली, "किती जण आहेत?"

मार्चमध्ये माझ्या ऑफिसात काम निघालं. पुढच्या वर्षी मामाचा गुडघा. ती खोली मी पुन्हा घेतली नाही. कोणी मला दोष दिला नाही, मामीनं तर नाहीच, आणि म्हणून मी निवांत राहिले. आज मला त्या निवांतपणाची सगळ्यात जास्त चीड येते.

ह्या वर्षी मामीच्या पोटात गाठ निघाली. पंधरा दिवस ती दवाखान्यात होती. मी रोज फोन करायचे, मामा रोज "ठीक आहे" म्हणायचा. मग एका संध्याकाळी तो म्हणाला, "मुक्ता, उद्या छुट्टी देत आहेत मामीला."

उज्जैनची मराठी मी लहानपणापासून ऐकते आहे. शाळा सुटली की छुट्टी, नोकरीवरून काढलं की छुट्टी, दवाखान्यातून घरी सोडलं की तीही छुट्टीच. घरी सोडलं म्हणजे बरी झाली, असं मी धरून चालले. ऑफिसात पेढे वाटले. त्याच आनंदात कोकणातल्या त्या खोलीवाल्यांना फोन करून पुढच्या महिन्यातले आठ दिवस ठरवले. स्टेशनवर एक कादंबरी घेतली, नारळाची झाडं आणि टोपीवाली मुलगी बघूनच.

इंदूरहून बसनं नानाखेड्याला उतरले, रिक्षा केली, घरी पोचले. दारात चपलाच चपला. नागपूरचे आले होते, मामाच्या ऑफिसातले दोघे सपत्नीक आले होते. मामीला बघायला आले होते आणि जाता जाता दर्शनही उरकणार होते. एका दगडात दोन पक्षी.

मामी बाहेरच्या खोलीत पलंगावर होती. उशीवर केस, चेहरा आणि मग पांघरुणाखाली जवळजवळ काहीच नाही. मी मामाकडे बघितलं. तो मला मागच्या अंगणात घेऊन गेला.

"डॉक्टर बोलले, घेऊन जा घरी. आता इथे ठेवून काही फायदा नाही."

"तू तर म्हणालास छुट्टी मिळाली!"

"मग काय बोलू फोनवर?" मामा म्हणाला आणि नळाखाली तोंड धुवायला लागला. त्याच्या पायात मामीच्या त्या रबरी चपला होत्या. मोरीत घसरत नाहीत म्हणून वर्षभर त्याच वापरतो, असं नंतर कळलं.

मी मामीसाठी चहा केला. आलं घालून, तिला आवडतो तसा. कप ट्रेमध्ये ठेवला, बशीत दोन बिस्किटं ठेवली आणि पलंगाशी नेलं. ती ट्रेकडे बघत राहिली.

"आलं बघ माझं नाश्त्याचं पान," ती म्हणाली. "चाळीस वर्षांनी छुट्टी मिळाली बाई."

चहा तिच्या घशाखाली उतरला नाही. दोन चमचे गेले आणि तेही बाहेर आले. मी चादर बदलली. तिला कुशीवर वळवताना ती म्हणाली, "जाऊ दे, मुक्ता, मी नंतर धुवीन." मला तिथेच हंबरडा फोडावासा वाटला, पण आतल्या खोलीत नागपूरचे जेवत होते.

तीन दिवस मी तिला कादंबरी वाचून दाखवली. डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच बोलायची. नायक शिडाची होडी दुरुस्त करतो, ह्यावर: "पोट कशावर भरतो?" नायिका पावसात भिजते, ह्यावर: "एकच जोडी चपला आणली असेल, बघ." नाश्त्याचं पान आलं तेव्हा मी न सांगता दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी तिनं विचारलं, "मुक्ता, समुद्राचा आवाज येतो का गं खोलीपर्यंत? सांग ना, ह्यात कोणी नीट लिहीतच नाही."

"येतो," मी म्हटलं. "पूर्ण वेळ येतो."

"मग झोप लागते?"

"आपण जाऊन बघू ना. मी खोली घेतली आहे, पुढच्या महिन्यात. तू बरी झालीस की…"

तिनं डोळे उघडले. माझी इतकी कीव आजवर कुणी केली नसेल.

"हो जाऊ," ती म्हणाली. "समुद्र कुठे पळून जातोय."

बुधवारी अश्विनीचा फोन आला. "वहिनी, दादा म्हणाला, मामींना दवाखान्यातून सोडलं! किती बरं वाटलं. ऐका ना, आम्हाला ह्या शनिवारचं दर्शन मिळतंय. तुम्हीही तिथेच आहात. पाच जणंच आहोत."

नको येऊस, ती वाचणार नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण पलंग चार हातांवर होता आणि मामीचे डोळे माझ्यावर. ते वाक्य तिच्यासमोर मला उच्चारता येईना, आणि दुसरं कुठलंही कारण सुचेना. मी नुसतीच "अगं, पण… बघ ना…" करत राहिले. अंगणात जाऊन बोलता आलं असतं, हे सुचलं तेव्हा फोन ठेवून झाला होता.

"किती जण?" मामीनं विचारलं.

"पाच."

"निळ्या चादरी काढ. पांढऱ्यांवर डाग राहतात."

शुक्रवारी दुपारी मामी गेली. शेजारणीला अश्विनीचा नंबर देऊन कळवायला सांगितलं, तर ते लोक निघालेले होते. शनिवारी सकाळी पाचही जण आले, मामाच्या पाया पडले, रडलेही. खोटं नाही रडले. मग दर्शनाची वेळ टळू नये म्हणून गेले. त्यांना सुतक नव्हतं. दुपारी परतले, शेजाऱ्यांनी आणलेलं पिठलं-भात जेवले आणि वरच्या खोलीत आडवे झाले. रविवारी सकाळी जाताना अश्विनी मला मिठी मारून म्हणाली, "वहिनी, इतक्या दुःखातही ह्या घरानं काही कमी पडू दिलं नाही हो."

कादंबरीचं शेवटचं प्रकरण मी वाचलं नाही. पुस्तक फ्रीगंजच्या वाचनालयाला दिलं आणि कोकणातली खोली फोन करून सोडली.

त्याआधी, रविवारी, ते गेल्यावर मी वरच्या खोलीतल्या चादरी गोळा केल्या. पाच निळ्या. गच्चीवर मी एकटीच होते. मी त्या धुतल्या, पिळल्या, वाळत घातल्या आणि माकडं येऊ नयेत म्हणून ऊन उतरेपर्यंत तिथे बसून राहिले.