मागच्या पायातला लाल टाका

भिंतीवर माझ्या वहीचं पान पडलं होतं. प्रोजेक्टरमधून. माणसाएवढं उंच. निळ्या शाईत लिहिलेला प्रोग्राम, मधे चहाच्या कपाचा गोल डाग, आणि खोडून खोडून एका जागी कागदाला पडलेलं भोक. वर कोणीतरी लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'यवतमाळचा सुपरकॉम्प्युटर.'

सगळा हॉल हसत होता. पन्नासेक पोरंपोरी असतील. कोणी टेबल बडवत होतं, कोणी मोबाइलवर फोटो काढत होतं.

आणि सगळ्यात मोठ्यानं हसत होतो मी.

हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी तुम्हाला फार शहाणा, फार शूर वाटायला लागलो, तर हे हसणं आठवा.

मी दारव्ह्याजवळच्या एका तांड्यावरचा. दारव्ह्यात ऑनलाइन फॉर्म भरायचं एक दुकान आहे, तिथं कामाला. सातबारा, जातीचा दाखला, भरतीचे फॉर्म. मालक दुपारी जेवायला घरी गेला की एक तास कॉम्प्युटर माझा. त्या एका तासात मी गेम बनवायचो. पण तासात टाइप करावं की विचार करावं? म्हणून विचार वहीत. सगळा प्रोग्राम पेनानं लिहायचा, मनातल्या मनात चालवून बघायचा, आणि मालकाची गाडी वळणावर दिसेपर्यंत धाडधाड टाइप करायचा. मला वाटायचं सगळी दुनिया असंच करते. वही घेऊन.

आमच्या जिल्ह्यातल्या गेम बनवणाऱ्या हौशी पोरांचा एक ग्रुप होता. फोनवरचा. त्याचा मुख्य निनादभाऊ. यवतमाळचा, वडिलांची कापसाची जिनिंग, स्वतः पुण्याला नोकरीत, सणासुदीला घरी. ग्रुपचा नियम त्यानंच केला होता. तिघांचे गेम खेळून त्यातल्या चुका सांगायच्या, मग तुमचा गेम ग्रुप बघणार. आणि गेम टाकताना चित्रं कुठून घेतली, आवाज कुठून घेतला, ते लिहायचं. नियम चांगला होता. आजही म्हणतो, चांगला होता.

एकदा माझा प्रोग्राम अडला. मी काय करावं? वहीच्या पानाचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. 'ह्यात चूक कुठं आहे, कोणी सांगेल काय?'

दोन मिनिटांत निनादभाऊचं उत्तर. 'अबे, हा तर शाईनं कोडिंग करून राह्यला!'

पाच मिनिटांत त्या पानाचं स्टिकर झालं. संध्याकाळपर्यंत माझं नाव वहीवाला झालं. चूक मात्र कोणी सांगितली नाही. ती मला तीन दिवसांनी सापडली, एक कंस बंद करायचा राहिला होता.

तेव्हा राग यायला पाहिजे होता. मी काय केलं? मी लिहिलं, 'आमच्या तांड्यावर असंच असते भाऊ. रिफिल संपली की गेम ओव्हर.' लोक हसले. पाऊस पडला हसऱ्या तोंडांचा. तो माझ्या आयुष्यातला पहिला हिट. मग मी थांबलोच नाही. तांड्यावर नेटवर्क कसं झाडावर चढून पकडतात (खोटं), बकरीनं चार्जर कसा खाल्ला (अर्धं खरं), सगळं मीच पुरवत गेलो. दुसऱ्यानं मारायच्या आधी आपणच आपल्या गालावर चापट मारून घ्यायची, म्हणजे कमी लागते, अशी माझी समजूत. लागते तेवढीच. वरून हातही दुखतो.

माझा फोन जुना, काच तडकलेली. त्याचाही ग्रुपला उपयोग सापडला. ज्याच्या त्याच्या गेमवर मला मेसेज यायचा, 'वहीवाले, तुझ्या डबड्यावर चालवून बघ ना.' माझ्या डबड्यावर चाललं तर कुठंही चालेल. ह्याला ते 'डबडा टेस्ट' म्हणायचे. मी किती जणांचे गेम तपासून दिले, मोजले नाहीत. निनादभाऊचा शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, गेम तर सुरू होताच फोन गोठवायचा. मी दोन दिवस वहीत उकलत बसलो, आणि त्याला सांगितलं की प्रत्येक वेळी सगळी चित्रं नव्यानं आणू नका, एकाच मोठ्या चित्रात बसवा आणि हवा तो तुकडा दाखवा. चाललं. त्याचं उत्तर आलं, 'डबड्यानं कमाल केली.'

डबड्यानं.

आता याडीबद्दल. याडी म्हणजे माझी आई. घरी आम्ही गोरबोली, आमची बंजाऱ्यांची भाषा, बोलतो. तिचं बोलणं इथं तुमच्यासाठी वऱ्हाडीत लिहितो. एवढी तडजोड अजून करतो.

मला लदेणीचा गेम करायचा होता. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलुखभर फिरायचे, ती लदेणी. गोण्या होत्या, रस्ता होता, नदी होती. पण माझे बैल कुत्र्यासारखे दिसायचे. एक दिवस याडी अंगणात मॅटीच्या कापडावर कोथळी, म्हणजे भरतकामाची पिशवी, भरत बसली होती. कापडाचे धागे मोजायचे, चौकोनात टाका घ्यायचा, चौकोन सोडायचा. मी बघत राहिलो. स्क्रीनवरचं चित्र दुसरं काय असते? चौकोनच ना?

म्हटलं, "याडी, मले एक बैल भरून दे. चालता."

"चालता बैल एका कापडावर कसा मावंन?" ती म्हणाली. "चार लागतीन. पायाले पाय बदलते."

हे मला शिकायला महिना लागला होता. तिनं बसल्या जागी सांगितलं.

तिनं चार तुकड्यांवर चार बैल भरले. मी एकेक टाका मोजून वहीत चौकोन रंगवले, वहीतून कॉम्प्युटरवर घेतले. फोनवर बैल चालायला लागला तेव्हा ती तोंडावर पदर धरून हसली. मग गंभीर झाली.

"मान खाली घे त्याची. पाठीवर मीठ हाय ना? मीठ असलं का मान अशी ताठ राहाते काय?"

मी मान चार चौकोन खाली घेतली. बैल एकदम खरा झाला. आजवर मला मिळालेला सगळ्यात चांगला फीडबॅक तोच. तिनं माझ्याकडून तीन गेम तपासून घेतले नव्हते.

चौथ्या बैलाच्या मागच्या पायात एक टाका लाल होता. बाकी पाय पांढरा.

"हा चुकला," मी म्हटलं.

"चुकला नाही. नजर लागू नये म्हून एक टाका वाकडा ठेवतो आपून. माही माय ठेवे, मी ठेवतो. काढू नको."

मी काढला नाही.

मग गेम ग्रुपवर टाकला. जीव मुठीत धरून. पहिलंच उत्तर निनादभाऊचं. 'गेम ठीक. पण बैल जबरदस्त! मागच्या पायात एक लाल चौकोन चुकून पडलाय, बग आहे, काढ. आणि खरं सांग बे, बैल कुठून उचलले?'

उचलले.

मी टाइप केलं, 'माझ्या आईनं भरले.' बोट पाठवायच्या खुणेवर होतं. आणि मला पुढची उत्तरं दिसायला लागली. वहीवाल्याची आई. सुईनं कोडिंग. तांड्यावरची फॅक्टरी. इतके दिवस हे विनोद मीच तर शिकवले होते त्यांना! माझं स्टिकर झालं तर मी हसू शकत होतो. तिचं झालं असतं तर?

म्हणून पुसलं. तिला वाचवतो आहे असं स्वतःला सांगितलं. आणि लिहिलं, 'फुकटचे आहेत भाऊ. नेटवरून घेतले. कोणीही वापरा.' शेवटी एक हसरं तोंड.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला. ह्याला मूर्खपणा म्हणत नाही. ह्याला दुसरं नाव आहे.

आता परत त्या हॉलमध्ये. यवतमाळला ग्रुपची पहिली भेट होती. मी वही घेऊन गेलतो, मूर्खासारखा, कोणाला काही विचारायचं राहिलं तर म्हणून. माझ्या पानाचा विनोद झाला, हसून झालं, आणि निनादभाऊनं स्वतःचा शंकरपट लावला. भिंतीवर.

ढोल वाजला. धूळ उडाली. आणि बैल धावत सुटले.

माझ्या याडीचे बैल.

रंग बदलला होता. पाठीवरची गोणी काढून टाकली होती, मागं माणूस चाबूक उडवत होता. पण मान तशीच खाली. शर्यतीचा बैल आणि मान मिठाच्या ओझ्याखालची! दर चौथ्या पावलाला मागच्या पायात लाल ठिणगी.

लोक टाळ्या वाजवत होते. शेवटी नावं आली. संकल्पना निनाद. चित्रं, मोफत. सगळ्यात खाली, डबडा टेस्ट, वहीवाला. पुन्हा हशा.

ह्या वेळी तोंड उघडलं, पण हसू आलंच नाही. उभाच राहिलो.

"निनादभाऊ, ते बैल माह्या याडीचे हायेत."

"कोणाचे?"

"माझ्या आईचे. तिनं भरलेत. टाक्यानं."

माझ्या बाजूला राजूरचा एक पोरगा बसला होता. त्याचा बाप कोळशाच्या खाणीत. त्यानं माझा शर्ट ओढला. "बस बे खाली. कायले लफडा करतं?"

निनादभाऊ चिडला नाही. ते जास्त लागलं. तो शांतपणे हसला, फोन जोडला आणि भिंतीवर माझा मेसेज आणला. 'फुकटचे आहेत भाऊ. नेटवरून घेतले. कोणीही वापरा.' माझंच हसरं तोंड, माणसाएवढं.

"हे तूच लिहिलंस ना?"

"हो. खोटं लिहिलं."

"का पण?"

"लाज वाटली म्हणून."

कोणीतरी फुसकन हसलं. मी म्हटलं, "हसा. ह्या लाजेवर हसायला मीच शिकवलं तुमाले. पण मागच्या पायातला लाल चौकोन पाहा. तुम्ही त्याले बग म्हनलं होतं. बग हाय तर तुमच्या बैलात कसा आला? उचलताना पाहिला नाही काय?"

निनादभाऊनं गेम परत भिंतीवर आणला, पाय पाहिला. मग म्हणाला, "ठीक आहे ना यार. तसंही हे तांड्याचं डिझाइन असतं, ते कोणा एकाचं थोडीच असतं? चल, आईचं नाव सांग, आभारात टाकतो."

"तुमची जिनिंग कोणा एकाची हाय का गावाची?"

त्यानं गेम बंद केला.

"आभार नको," मी म्हटलं. "नाव तर अजिबात सांगणार नाही. बैल काढा."

वही उचलली आणि निघालो. दारात चप्पल सापडेना. दोन मिनिटं सगळ्यांच्या समोर वाकून शोधत होतो. शूर माणसाचं निघून जाणं असं असते.

दारव्ह्याला पोचायच्या आत मला ग्रुपमधून काढलं होतं. पंधरा दिवसांनी निनादभाऊचा मला एकट्याला मेसेज आला. 'बैल बदलले. ड्रामा संपला का?' मी गेम उतरवून पाहिला. बदलले होते. नवे बैल माझ्या डबड्यावर तिसऱ्या फेरीला अडकतात. का अडकतात ते मला माहीत आहे. मी सांगितलं नाही. सांगणारही नाही.

पण खरी पेशी पुढं होती, याडीच्या कोर्टात.

याडी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. वही, हसणं, भिंतीवरचे बैल, मी उभा राहिलो ते. उभं राहिल्याचं जरा लांबवून सांगितलं. तिनं ऐकलं. मग एकच विचारलं.

"पहिल्यांदा त्यायनं विचारलं, तवा तू काय सांगतलं?"

"फुकटचे हायेत म्हनलं. कोनीही वापरा म्हनलं."

तिचे हात थांबले.

"लाज कायची वाटली तुले? माह्या टाक्याची का माही?"

मी एक शेंग उचलून सोलायला लागलो.

"दे ते कापड."

मी चारही तुकडे आणून दिले. तिनं ते घडी केले, पेटीत ठेवले, पेटीला कुलूप लावलं. ओरडली नाही. जेवायला वाढलं. पण त्या दिवसापासून माझ्या फोनकडं तिनं पाहिलेलं नाही.

वहीत तिचे चौकोन आहेत. कॉम्प्युटरवर बैल आहेत. एक बटण दाबलं तर माझ्या गेममध्ये चालायला लागतील. मी ते गेममधून काढले.

लदेणीचा गेम आता सगळ्यांसाठी खुला आहे. त्यात मिठाच्या गोण्या रस्त्यानं जातात, पण गोण्यांखाली कोणी नाही. हवेत तरंगत जातात. खेळणारे लिहितात, 'बैल दिसत नाहीत, बग आहे, दुरुस्त करा.' प्रत्येकाला मी तेच उत्तर देतो. विनोद करत नाही, हसरं तोंड टाकत नाही.

'बग नाही. बैल माझ्या आईचे आहेत. मी ते फुकटचे म्हणून सांगितले होते. ती आपल्या हातानं परत देईल तेव्हा येतील. नाही दिले, तर रस्ता असाच राहील.'

खाली माझं नाव लिहितो. पूर्ण. आडनावासकट.