सुनंदाताईंची सातवी पायरी

सुनंदाताई गायकवाड दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायच्या. ऑफिसात नवीन आलेल्याला वाटायचं, एसी फार झालाय. खरं कारण वेगळं होतं. त्यांनी लिहिलेली पुस्तिका समोर ठेवून कुणी कॉम्प्युटरवर काम करत असेल, तर आपलं बोट मदतीला पुढे जाऊ नये म्हणून त्या हात अडकवून ठेवत. वाचणारा अडला की म्हणत, "तुम्ही नाही अडलात, माझं वाक्य अडलंय." आणि मग वाक्य बदलत.

आमचं ऑफिस भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कमध्ये, एका फर्निचरच्या दुकानावर. शाळा, क्लासेस, छोटे दवाखाने यांची सगळी माहिती ज्या सर्व्हरवर असते, ते आम्ही सांभाळायचो. सर्व्हर बंद पडला तर काय करायचं, नवीन कसा लावायचा, हे गिऱ्हाइकाच्या माणसाला स्वतः जमावं म्हणून पायरीपायरीने लिहून द्यायचं काम ताईंचं. मी टीमचा प्रमुख. वयाने त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आणि तोऱ्याने बराच मोठा.

त्यांचं लिखाण मला, खरं सांगायचं तर, बाळबोध वाटायचं. 'फक्त' आणि 'सहज' हे शब्द त्यांना वर्ज्य. मी एकदा 'फक्त ही कमांड टाका' असं लिहिलं, ते त्यांनी खोडलं. "ज्याला जमत नाही ना सर, त्याला 'फक्त' वाचून आणखी लाज वाटते," त्या म्हणाल्या. "ज्याला येतंय तो कशाला वाचतोय?" त्यांचे वडील लातूरकडून इथे जवळच्याच पेणकरपाड्यात राहायला आलेले. त्यांना फॉर्म भरता यायचा नाही आणि खिडकीतला माणूस ओरडायचा, वर लिहिलंय ना. "लिहिलेलं असायचं," ताई सांगत, "पण त्यांना कळेल असं नसायचं."

प्रत्येक पुस्तिका त्या हिशेब बघणाऱ्या भावनाबेनना करून बघायला लावत. भावनाबेन वैतागायच्या, "सुनंदा, मला ह्यातलं काय पण नाय समजत." ताई खुर्ची ओढून म्हणायच्या, "म्हणून तर तुम्हीच पायजे." आम्ही दोघींना हसायचो.

मग भाईंदरच्या एका क्लासेसचा कारभार नव्या सर्व्हरवर हलवायचं काम आलं. ताईंनी सहा पानं लिहिली. आमच्या ऑफिसचा मालक म्हणाला, "इतना कौन पढ़ेगा? दो पेज में बिठाओ." त्या दिवशी ताई रजेवर होत्या, तेव्हा कात्री मीच चालवली. सातवी पायरी अशी होती: 'थांबा. स्क्रीनवर सर्व्हरचं नाव वाचा. नवीन असेल तरच पुढे जा. जुना असेल तर काही करू नका, मला फोन करा.' मला वाटलं, एवढं तर शेंबडं पोरही बघेल. पायरी काढली, पुढचे आकडे नीट लावले आणि ताईंना न विचारता पाठवून दिलं. खाली नाव आणि नंबर त्यांचाच राहिला.

क्लासेसमध्ये रेश्मा नावाची मुलगी कॉम्प्युटर सांभाळायची. तिने वाचलं तसं केलं. पुढची पायरी नवा सर्व्हर कोरा करून घ्यायची होती. स्क्रीनवर जुनाच उघडा होता, तिच्या हातून तोच कोरा झाला. मुलांचे वर्षभराचे गुण, हजेरी, सगळं गेलं.

मालकाने आम्हा दोघांना केबिनमध्ये घेतलं. "किसने लिखा ये?" ताईंनी ती दोन पानं सावकाश वाचली. सहाव्या पायरीनंतर थांबल्या. मग माझ्याकडे बघून विचारलं, "सर, पाठवायच्या आधी तुम्ही बघितलं होतं ना?"

"वरवर बघितलं होतं," मी म्हणालो. माझी जीभ झडली कशी नाही, कोण जाणे.

"नाव माझं आहे," ताई मालकाला म्हणाल्या. "चूक माझी." त्यानंतर चार दिवस त्या भाईंदरला जाऊन कागदांवरचे गुण पुन्हा भरत बसल्या आणि महिनाअखेरीस नोकरी सोडली. निरोपाचा केक मी आणला, भाषणही मीच केलं. ते भाषण आठवलं की आजही कान तापतात.

दोन वर्षं मी हे गिळून होतो. मागच्या महिन्यात ऑफिसात आलेल्या नव्या मुलीने ताईंची मूळ सहा पानं शोधून काढली आणि सातवी पायरी मोठ्याने वाचून म्हणाली, "किती छान लिहिलंय." दुसऱ्या दिवशी मी पेणकरपाड्याला गेलो.

ताई आता घरूनच लिखाणाची कामं करतात. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. "मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "स्वतःची पायरी मी विसरेन होय?" मी माफी मागू लागलो तर म्हणाल्या, "माझं राहू द्या, माझं चाललंय. रेश्माला सांगितलंत का?"

मला त्या मुलीचा चेहराही आठवत नव्हता. एवढी दोन वर्षं मी ताईंपुढे लाजत होतो. आणखी कुणापुढे लाजायला हवं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"क्लासेसवाल्यांनी तिला दुसऱ्याच दिवशी कामावरून काढलं," ताई म्हणाल्या. "मी तिला सांगितलं, बाई, चूक माझी आहे. तिला वाटतं मी समजूत घालतेय." त्यांनी नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

मी अडखळत सांगितलं. मग रेश्मा म्हणाली, "म्हणजे सर, लिहिलेलं तसंच मी केलं होतं?"

"हो. तू बरोबर केलं होतंस."

"त्यानंतर मी कॉम्प्युटरला हातच लावला नाय," ती म्हणाली. "मला वाटलं, मला वाचता पण येत नाय नीट." मागे कुणीतरी तिला साडीचा दुसरा रंग मागत होतं. "ठेवते सर," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आहे."