आखाजीच्या घागरीचं पाणी

‘गर्दीपासून दूर, निवांत, कुणालाही माहीत नसलेलं ठिकाण.’ हे शब्द कानावर पडले की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आमच्या दाजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं, आमच्या झिऱ्याचा व्हिडिओ टाकला तेव्हा त्यावर हेच लिहिलं होतं. कुणालाही माहीत नसलेलं! अहो, अख्खा पाडा उन्हाळाभर त्या झिऱ्यावर जगतो. ती माणसं म्हणजे कुणीच नाहीत का?

आमचं गाव रावेरच्या वरच्या अंगाला, केळीच्या बागा संपून सातपुडा सुरू होतो तिथं. झिरा त्याच्याही वर, डोंगराच्या कुशीत. उन्हाळ्यात त्यात परातीत मावेल इतकंच पाणी साठतं. वाटीनं हळूहळू काढायचं, गढूळ झालं की थांबायचं, निवळलं की पुन्हा काढायचं. पाड्यावरच्या बाया असेच हंडे भरतात. चपला अंजनाच्या झाडाखाली काढायच्या आणि पाण्यात हातसुद्धा बुडवायचा नाही, हा तिथला कायदा. तशी पाटी कुठं नाही. लावायची कधी गरजच पडली नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावानं नवी घागर भरतात. आमच्या घरची घागर या झिऱ्याच्या पाण्यानं भरायची रीत. वडील तरुणपणी त्या डोंगरात गुरं चारायचे, तेव्हा पाड्यावरच्या एका आक्कानं आपल्या हंड्यातलं पाणी त्यांना कितीदा तरी पाजलं होतं. तेव्हापासून आखाजीचं पाणी तिथलंच. वडील गेल्यावर ते आणायचं काम माझ्याकडे आलं.

गेल्या वर्षी बहीण आखाजीला माहेरी आली, सोबत दाजीही आले. धुळ्याला देवपुरात राहतात. नोकरी चांगली, आणि सुटी मिळाली की डोंगर हिंडून व्हिडिओ करायचा नाद. “मीपण येतो पाण्याला,” म्हणाले. मी टाळाटाळ करायला लागलो, तर आईनं मला आत ओढलं.

“जवाई मानूस आहे बावा. त्याले नाही कसं म्हनाव?”

झालं! जावयाला नाही म्हणायची आमच्यात सोयच नाही. त्यानं दिवसा चांदणं मागितलं, तर मेव्हण्यानं शिडी शोधायला पळायचं.

नेलं त्यांना. अंजनाखाली उभं राहून हात जोडून सांगितलं, “दाजी, फोटो काढा, घरी बघा, पण याचा बोभाटा करू नका. हे पाड्याचं प्यायचं पाणी आहे.”

“हो हो, काळजीच सोडा,” म्हणाले. आणि आखाजीच्या सांजोऱ्यांचा डबा रिकामा व्हायच्या आत व्हिडिओ आला. रस्ता कोणता, गाडी कुठवर जाते, सगळं नकाशासकट.

मी फोन केला, म्हटलं काढून टाका. तर हसले. “अहो, उलट तुमच्या भागाचा विकास होईल. पाड्यावरच्यांना दोन पैसे मिळतील.” विकास! उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसरा कुणी असता तर त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. पण दाजी पडले. “बरं,” म्हणून फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन भिंतीला शिव्या घातल्या.

मग गाड्या यायला लागल्या. यंदा आखाजीच्या सकाळी कॅन घेऊन वर गेलो. अंजनाखाली चपला नव्हत्या, बाटल्यांच्या काचा होत्या. पाण्यात बसून भिजण्याएवढी जागा व्हावी म्हणून कुणीतरी झिऱ्याचा दगडी काठ पहारीनं फोडला होता. पाणी साठायचं ते फुटक्या काठातून वाहून मातीत जिरत होतं. उरला होता नुसता चिखल आणि तळाशी थोडं गढूळ पाणी. अरे, तुमच्या घरच्या माठाला कुणी भोक पाडलं तर चालेल का रे तुम्हाला?

आक्का रिकामा हंडा घेऊन बसली होती. आता फार थकलीय. मला बघून म्हणाली, “तुमचाच पाव्हना होता ना भाऊ, तो मोबाइलवाला?”

मी परत फिरलो, तर तिनंच हाक मारली. “तू भर पहिले. तुझ्या बापाची घागर आहे.” आणि सरकून जागा दिली. एकेक वाटी करत मी तेच गढूळ पाणी कॅनमध्ये भरलं. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी आलो, आईला सगळं सांगितलं. तिनं कॅनमधलं पाणी पाहिलं. तेच घागरीत ओतलं, पूजा केली. मग पंगत बसली. यंदाही सणाला आलेले दाजी पाटावर, समोर पुरणपोळी आणि आमरस. आजवर माझी आई जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देता, खाली मान घालून वाढत आली. त्या दिवशी तिनं कॅनमध्ये उरलेलं पाणी पेल्यात ओतलं आणि त्यांच्या ताटाशी ठेवलं.

“आई, हे तर गढूळ आहे,” दाजी म्हणाले.

“तुमच्याच त्या जागेचं आहे, जवाईबापू. कोनालेच माहीत नव्हती ना, तिथलं.” तिची नजर वर होती. “प्या. आक्का हेच पिऊ राह्यली.”

दाजींनी बहिणीकडे पाहिलं. ती ताटाकडे बघत राहिली. आई तुपाची वाटी हातात धरून उभी होती, आणि पेला रिकामा होईपर्यंत तिनं पोळीवर तूप वाढलं नाही.