फाटलेलं हाड

"कातडी फसवते, हाड फसवत नाही," असं बेडूकमावशी उठताबसता म्हणायची. गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं हे नाव ती मिरवायची. संग्रहालयात तिचं काम बेडकांची कुळं लावायचं. रंगाला ती भुलायची नाही. छातीचं हाड, बोटाचं हाड बघायची आणि मग सांगायची, कोण कुणाच्या रक्ताचा.

एकदा ओढ्याकाठी तिला अंगठ्याच्या पेराएवढा बेडूक मिळाला. त्याच्या बोटांच्या टोकाचं हाड गलोलीच्या काटकीसारखं दोन फाट्यांत फाटलेलं. असं हाड कुठल्याच कुळात नव्हतं, म्हणजे कुळच नवं मांडायला हवं. हरखून तिनं हे थोरल्या बहिणीच्या घरी जेवताना सांगितलं. बहिणीचा नवरा त्याच संग्रहालयाचा प्रमुख. भावोजींनी ऐकलं, आणखी भात मागितला, आणि ते कुळ स्वतःच्या नावानं छापून मोकळे झाले. या कामात ज्याचं आधी छापलं, त्याचंच नाव टिकतं. तिनं विचारलं तेव्हा हसून म्हणाले, घरातल्या घरात तर राहिलं.

मावशी भांडली नाही. तिनं राग मुरवत ठेवला. बहिणीकडे जाणंयेणं तसंच ठेवलं, आणि संग्रहालयाच्या तळघरातल्या जुन्या बरण्या उपसू लागली. आपल्या आधीच हा बेडूक कुणाला तरी सापडलेला असू दे, म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती. स्वतःच्या शोधासाठी असं कोण मागतं?

सापडला. खालच्या फळीवर, पांढरा पडलेला, आकसलेला. कधीच्या काळी मेलेल्या एका माणसानं त्याचं वेगळं कुळ ठरवून छापलंही होतं. नंतर कुणी वाचलं नव्हतं. मावशीनं बेडकाचं बोट सोललं. तेच फाटलेलं हाड.

तरी ती थांबली. भावोजींचा सत्कार ठरला, सभागृह भरलं, तेव्हा तिनं ती बरणी आणि जुनं छापील पान टेबलावर ठेवलं आणि पाहुण्यांच्या हाती भिंग दिलं. एकेक जण वाकून बघू लागला. टाळ्या विरल्या.

भावोजी तिच्या कानाशी लागले. "यात तुझंही काही उरत नाही."

"ठाऊक आहे," मावशी म्हणाली. "नाक माझं, सुरीही माझी. अपशकुन तेवढा तुम्हाला."

तिनं चष्मा पुसला, पिशवी खांद्याला लावली आणि रांगांमधून चालत निघाली. पहिल्या रांगेत नवऱ्याचा गुच्छ मांडीवर घेऊन बसलेली बहीण मान वळवून बघत राहिली. तिनं हाक मारली नाही, आणि मावशीनंही मागे पाहिलं नाही.