पाय धुऊन ताबा

पायल ओव्हाळ लोक विकत घेतात ती घरं तपासते. हा धंदा आहे हे पुण्यात अजून सर्वांना पटलेलं नाही. स्थळ बघताना मुलाच्या आत्याच्या स्वभावापर्यंत चौकशी करणारी माणसं घर मात्र नमुना-फ्लॅटमधला सोफा पाहून घेतात. पायल सिव्हिल इंजिनिअर. आधी बिल्डरकडेच नोकरीला होती. त्यामुळे काय कुठे लपवतात हे तिला शोधावं लागत नाही, आठवावं लागतं.

सुनीतीबाई साठ्ये आणि त्यांचे यजमान बाळराव यांनी नारायण पेठेतला बिनलिफ्टचा फ्लॅट बाळरावांच्या गुडघ्यांपायी विकला आणि हिंजवडीत नवा घेतला. होतं नव्हतं ते त्यात गेलं. साऱ्या इमारतीचा ताबा गुढीपाडव्याला. ताबापत्रात एकच वाक्य महत्त्वाचं होतं: 'घर पाहिले, तक्रार नाही.' त्याखाली सही झाली की बिल्डरची माणसं फोन उचलत नाहीत, असा त्याच बिल्डरच्या आधीच्या इमारतीतल्या लोकांचा अनुभव होता.

सुनीतीबाईंनी नेमलेली पायल त्यांच्याबरोबर तपासायला गेली, तर साइट मॅनेजर जयसिंगरावांनी तिला गेटवरच अडवलं.

"बाहेरच्यांना परवानगी नाही. पाडव्याला घरची माणसं, पाहुणे खुशाल येऊ देत. तपासणी ताब्यानंतर."

"म्हणजे मुलगी लग्नानंतर बघायची," सुनीतीबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी पायलने त्यांना फोन केला. "काकू, पाडव्याला पाहुणे किती?"

"दहाबारा."

"वाढवा. आणि पूजेआधी प्रत्येकाला बाथरूममध्ये पाय धुवायला लावा. मीही येते, तुमची भाची म्हणून."

"अगं, पण तुमच्यात पाडवा नसतो ना?"

"पाडवा नसतो. उतार असतो."

पाडव्याला जयसिंगराव पेढे आणि पेन घेऊन हजर होते. "आधी पूजा, मग सही," सुनीतीबाईंनी सांगितलं. पाय धुऊ नका, असं पूजेच्या घरात कोण सांगणार? अख्खं साठ्ये कुळ एकेक करून पाय धुऊन आलं. पहिल्या काही पायांचं पाणी कोपऱ्यात साचलं. नंतर ते उंबरा ओलांडून हॉलमध्ये आलं आणि चौरंगापुढची रांगोळी घेऊन सतरंजीखाली गेलं.

"गंगा घरी आली," बाळराव म्हणाले.

"नवीन घर आहे, काका. होते सवय," जयसिंगराव म्हणाले.

"कुणाला? पाण्याला?"

पायलने पर्समधून लेव्हलची पट्टी काढून बाथरूमच्या फरशीवर ठेवली. "जाळी वर, दार खाली. सगळी फरशी उलट्या उतारात बसवलीय."

"ह्या कोण?"

"भाची," सुनीतीबाई म्हणाल्या. "जरा चौकस आहे."

"सही करा, आम्ही लगेच दुरुस्त करू. हमी आहेच."

"हमी आहे, तर आधी दुरुस्त करायला काय हरकत?" पायलने विचारलं.

जयसिंगरावांनी पेन पुढे केलं. सुनीतीबाईंनी पेनाला टोपण लावून ते त्यांना परत दिलं.

बाळराव शेजारच्या फ्लॅटमध्ये पेढे द्यायला गेले. तिथे त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पाय धुतलेत का?" मग वरच्या मजल्यावर गेले. लिफ्ट होतीच. दुपारपर्यंत इमारतभर पाहुणे पाय धूत होते, काही दोनदा. जयसिंगराव मजल्यामजल्याने फिरले आणि कोऱ्या ताबापत्रांचा गठ्ठा घेऊन खाली आले. एकाही कागदावर सही नव्हती.

बिल्डरला साऱ्या बाथरूमच्या फरश्या उखडून पुन्हा बसवाव्या लागल्या. अक्षय्य तृतीयेला पायलने साठ्यांच्या बाथरूममध्ये बादली ओतली. पाणी निमूटपणे जाळीत गेलं. सुनीतीबाईंनी ताबापत्र शेवटपर्यंत वाचलं आणि सही केली. इमारतीतल्या बाकीच्यांनी तोवर पायलला आपापल्या घरी बोलावून ठेवलं होतं. या खेपेला गेटवर तिला कुणी अडवलं नाही. जयसिंगरावांनी स्वतः लिफ्टचं बटण दाबलं.

त्याच बिल्डरच्या पुढच्या इमारतीच्या ताब्याचं निमंत्रण नुकतंच आलं आहे. तळाशी ठळक अक्षरांत सूचना आहे: 'पाहुण्यांनी कृपया पाय घरूनच धुऊन यावे.' पायलने ते फ्रेम करून ऑफिसात आपल्या पदवीशेजारी लावलं आहे, किंचित वर.